बाईची नाडी डाव्या हाताची

८ जानेवारी, बुधवार

अंतराच्या डाव्या हाताला नाडी नाही. ठाण्याच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. समृद्धी यांनी आज दुपारी खात्री केली. उजव्या हातावर रक्तदाब १३०. डाव्यावर यंत्र आकडाच दाखवत नाही. "मशीन बिघडलंय का हो?" हेमाने विचारलं. डॉक्टरांनी तेच यंत्र हेमाच्या दंडाला बांधलं. नीट चाललं.

आमची मुलगी सत्तावीसची. समोर बसून मोबाइल बघत होती.

९ जानेवारी

आता अण्णा वैद्यांचं वागणं कळतंय. हात गळतो, चक्कर येते म्हणून दिवाळीनंतर हेमा अंतराला डोंबिवलीला त्यांच्याकडे घेऊन गेली होती. बाईची नाडी डाव्या हाताची पाहायची, ही त्यांची रीत. बराच वेळ बोटं ठेवून बसले. मग तो हात हळूच तिच्या मांडीवर ठेवला. "वहिनी, हिला घरी न्या. आवडीचं करून घाला." औषध नाही. हेमा खूश — म्हणजे काही झालेलं नाही! दोन महिने आम्ही तिला शिरा आणि भरली वांगी खाऊ घालतोय.

आज फोन केला. अण्णा म्हणाले, "प्रभाकरराव, मला वाटलं, हिची वेळ भरली. आईसमोर कसं बोलणार? उजवा हात बघायचं सुचलंच नाही हो."

१३ जानेवारी, सोमवार

सीटी अँजिओग्राफीचा रिपोर्ट आला. ताकायासू नावाचा दुर्मिळ आजार. छातीतल्या महाधमनीतून हातांकडे आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुजून आतून बुजत जातात. डाव्या हाताची बंद. मेंदूकडच्या अरुंद. स्टेरॉइड सुरू. "सूज उतरायला हवी, मेंदूचा रक्तपुरवठा तुटायच्या आत," डॉक्टर म्हणाल्या.

"बाबा, हेडिंग काय देणार?" अंतराने विचारलं. एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. रिपोर्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

१७ जानेवारी

हेमा येता-जाता तिचं मनगट धरते. दर वेळी डावं.

"आई, इथे कोणी राहत नाही," म्हणत अंतरा उजवं पुढे करते.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून उजव्या हातालाही नाडी नाही. डॉक्टरांनी तीनदा पाहिलं. रक्तदाब आता पायावर मोजतात. अंतरा हॉस्पिटलच्या कॉटवर बसून चहात बिस्किट बुडवतेय. म्हणते, तुम्ही दोघं फार लांबून बोलताय.

सूज असताना टाके धरतीलच असं नाही, पण थांबता येत नाही. उद्या आठ वाजता छाती उघडून मेंदूकडे नवी नळी जोडतील.