तांब्याच्या तारेची रायफल

२ ऑक्टोबर १९८६
पोचले एकदाची! गाडीत दोन पेट्या, शिलाई मशीन आणि मांजराचं टोपलं. मांजर उन्हाळ्यातच गेलं, पण टोपलं टाकवेना.

ऑर्विल काकांचं घर वाटलं होतं त्याहून नीटनेटकं निघालं. चुलीशेजारी लाकडं रचलेली, कपबशा पालथ्या घातलेल्या. जणू काका जरा गुरं बघायला गेलेत. किल्ली देताना वकील म्हणाला होता, घर, माळ आणि भिंतीवरच्या तीन रायफली, सगळं तुमचंच. दुसरं कुणी उरलेलंच नाही. शाळेची बस चालवून कंटाळलेल्या, नवऱ्याने सोडलेल्या बाईला आणखी काय हवं? खिडकीतून थेट डोंगरापर्यंत पिवळं गवत, मध्ये एकही घर नाही. मी मोठ्याने गाणं म्हटलं. ऐकायला कोण आहे!

५ ऑक्टोबर
आज रायफली उतरवल्या. तिन्ही जुन्या, लिव्हर खाली ओढून काडतूस चढवायच्या. एक पणजोबांची, आठकोनी नळीची, उचलताना मनगट दुखतं. दुसरी आजोबांची, खोगिराला घासून घासून एका अंगाने झिजलेली. तिसरी काकांची स्वतःची, आखूड. दस्ता तडकलेला आणि तांब्याच्या तारेने आवळलेला.

साफ करायला काकांनीच शिकवलं होतं, मला आणि वेन्डेलला, याच टेबलावर. गजाला चिंधी लावायची, नळीतून आरपार ढकलायची, चिंधी पांढरी निघेपर्यंत थांबायचं नाही. पोलादाला पातळ तेल, लाकडाला जवसाचं. लिव्हर ओढली की खट्-खटाक असा आवाज येतो. वेन्डेल तोंडाने हुबेहूब काढायचा तो. आई रागावायची.

वेन्डेल गेला आणि आईने या घराचं नाव टाकलं. हरणाच्या मोसमात, धुक्यात, काकांची गोळी माझ्या भावाला लागली. काका शपथेवर सांगत राहिले की हाक ऐकू आली नाही, हरीणच दिसलं. मी तेव्हा शाळेत होते. नंतर काकांना कधी भेटले नाही. आणि त्यांनी सगळं माझ्या नावावर केलं.

९ ऑक्टोबर
शेजारचे आर्विड स्लेटन आले. शेजारी म्हणजे टेकडीपलीकडचे. सोबत बटाट्यांचं पोतं. कॉफीचा घोट घेऊन म्हणाले, तुझ्या काकाची कॉफी डुकरंसुद्धा पीत नव्हती, पण पोरी, तू त्याच्यावर कडी केलीस. मी खूप हसले. किती दिवसांनी कुणी मला पोरी म्हटलं. जाताना त्यांची नजर भिंतीवर गेली. आखूड रायफल रोज पुसतेस ना, असं विचारलं. रोज कशाला, म्हटलं, आठवड्यातून एकदा पुरे. ते टोपी घालून निघून गेले.

१२ ऑक्टोबर
आखूड रायफलीला बंदुकीच्या दारूचा वास येतोय. जळलेल्या, ताज्या दारूचा. चिंधी घातली तर काळीकुट्ट निघाली. पाच तारखेला मी स्वतः ती पांढरी होईस्तोवर पुसली होती. घरात एकही काडतूस नाही. आर्विडनी माझी गंमत केली असेल का? म्हाताऱ्यांना काय काय सुचतं.

पुन्हा साफ केली.

१३ ऑक्टोबर
पुन्हा काळी. दुपारी अंगणात कपडे वाळत घालत होते, तेव्हा घरातून लिव्हर ओढल्याचा आवाज आला. आत कुणी नव्हतं. तिन्ही रायफली खुंट्यांवर. आखूड रायफलीची नळी कोमट होती.

१४ ऑक्टोबर
सरळ आर्विडकडे गेले आणि चिडूनच विचारलं. त्यांनी शिवी हासडली नाही की हसले नाहीत. खुर्ची पुढे सरकवली आणि बोलत राहिले. म्हणाले, वेन्डेलला लागलेली गोळी त्याच रायफलीची. तेव्हापासून दर शरदात, त्या धुक्याच्या दिवसांत, ती रोज दुपारी आपोआप घाण होते, जणू आत्ताच झाडलीय. आणि कुंपणापाशी पोरगा येऊन उभा राहतो. ऑर्विल रोज दिवस मावळायच्या आत नळी साफ करायचा. ती स्वच्छ असली की पोरगा कुंपणाच्या अलीकडे येत नाही.

मी म्हटलं, फेकून का नाही दिली? म्हणाले, दिली होती की, तळ्यात. दुसऱ्या दिवशी पोरगा थेट पायरीवर. बिचाऱ्याने गारठलेल्या पाण्यात उतरून काढली परत. मग ऑर्विल तापाने आडवा झाला, तेव्हा दोन दिवस चुकले. मी खबर घ्यायला आलो तर पोरगा पंपाशी. मी स्वतः पाहिलं, इलेन. वेन्डेलला मी कडेवर खेळवलेलं. चेहरा त्याचाच होता गं. पण माझ्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत मी नव्हतो.

एवढं सांगून त्यांनी माझ्या पुढ्यात भोपळ्याच्या गोड पाईचा तुकडा ठेवला. खा म्हणाले. मी खाल्ला. उद्या ते मुलीकडे बिलिंग्जला जाणार आहेत, डोळ्याचं ऑपरेशन आहे. चल माझ्याबरोबर, म्हणाले दोनदा. मी नाही म्हटलं. कुणाच्या मुलीच्या घरी परकी म्हणून किती दिवस बसायचं?

१७ ऑक्टोबर
धुकं. तीन दिवस साफ करतेय, तीन दिवस काळी. आज कुंपणापाशी तो होता.

कॅनव्हासचा तपकिरी कोट, बाही आईने शिवलेली, दोरा वेगळ्या रंगाचा. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त दुसरंच काहीतरी. एवढ्या वर्षांत माझ्याकडे कोण आलं होतं? मी हात हलवला. त्याने नाही हलवला. मग मी नळी साफ केली आणि तो धुक्यात विरला. मी टेबलाशी बसून रडले. मीच हाकलला त्याला.

२० ऑक्टोबर
आज साफ केली नाही.

मुद्दामच. आर्विड काहीही म्हणोत. काकांनी त्याला तीस-बत्तीस वर्षं कुंपणाबाहेर ठेवलं, ते काकांचं पाप होतं. माझं काय? मी त्याची बहीण आहे. तो आता पंपाशी उभा आहे. दाढीचे खुंट दिसतात. मी खिडकी उघडून सगळं सांगितलं. आई गेली, माझं लग्न मोडलं, मांजर गेलं. तो घराकडे बघत उभा राहिला.

२१ ऑक्टोबर
आजही नाही. तो पायरीवर आहे. बोलला! आवाज तोच. म्हणाला, मी वरच्या अंगाने येतोय, झाडू नका.

परत तेच. परत तेच.

म्हणजे त्याने हाक मारली होती. काकांनी ऐकली होती. आणि तरी—की ऐकून उशीर झाला होता, कोण सांगणार आता. शपथ मात्र खोटी होती.

मी म्हटलं, वेन्डेल, मी आहे, इलेन. म्हणाला, मी वरच्या अंगाने येतोय, झाडू नका. शेवटी मी दार लावून घेतलं. लावायला नको होतं. मग वाटलं, उघडू नये.

२२ ऑक्टोबर
बर्फ पडला. रस्ता गेला, फोनही गेला.

सकाळी दार उघडंच होतं. मी कडी घातली होती. तो स्वयंपाकघरात आहे. टेबलाशी बसलाय, काकांच्या खुर्चीत. छातीवर कोट ओला आहे, आणि तो ओलावा वाळत नाही. समोर कॉफी ठेवली. कपातली वाफ लगेच मेली.

त्याला माझं काही ऐकू येत नाही. मी सांगते, हसते, ओरडते. त्याच्या डोळ्यांत मी नाही. हे मला कुणी— आर्विडनी सांगितलं होतं. सांगितलं होतं.

२३ ऑक्टोबर, दुपार
चूल पेटते पण घर तापत नाही. बोटं निळी. काका एवढी लाकडं का रचून ठेवत हे कळलं.

रायफल खाली घेतली. गज आणला. तो उठला. चालत आला, घाई नाही. माझा उजवा हात धरला. हात असा—

डाव्या हाताने लिहितेय. सोडत नाहीये. थंडी कोपरापर्यंत आली. तो म्हणतोय, झाडू नका, झाडू नका. वेन्डेल, माझ्या हातात काडतूस नाही रे—

खांद्यापर्यंत.

रायफल गुडघ्यांत धरलीय. गजाला चिंधी लावली, दातांनी गाठ मारली. साफ केली तर तो कुंपणापाशी जाईल, आणि मी इथे, एकटी, दर शरदात. नाही केली तर—

छातीत गार. श्वास दिसत नाही आता तोंडातून.

गज सरकतोय. चिंधी आत गेली. पकड सैल होतेय, बोट बोट सुटतंय. तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघतोय. माझ्याकडेच. डोळ्यांत मी आहे.

माझं नाव घेतलं त्याने. इलेन, थांब, म्हणाला. ओळखलंस का मला, मी विचारलं. हो म्हणतो. हो—

गज अर्ध्यावर आहे. मी