‘भोंगा’चा मुख्य आवाज

३ जानेवारी
निलेश कायमचा कॅनडाला गेला. म्हणजे लीड गिटार गेली. ऐन रेकॉर्डिंगच्या तोंडावर. आमच्या ‘भोंगा’ बँडचा पहिला अल्बम! गौतम (बास, लालबाग) आणि आनंदा (ड्रम्स, परळ) यांचे चेहरे उतरलेले. मी धीर दिला. म्हटलं, गिटारवाला दुसरा मिळेल, गायक आहे ना जागेवर! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गहिवरले असणार.
कॉलेजपासूनचा बँड. चाली माझ्या, शब्द माझे, आवाज माझा. उद्यापासून रोज पहाटे रियाझ. थंड पाणी बंद.

४ जानेवारी
रियाझ झाला नाही. शेजारी पाहुणे आहेत, पद्मजा (बायको) म्हणाली. शेजारधर्म महत्त्वाचा.

१२ जानेवारी
नवा गिटारवाला सौमित्र. माटुंग्याचा. वाजवतो बरा. मला ‘सर’ म्हणतो, तेव्हा पोरगा चांगला आहे. त्याची बहीण मनवा पण आली होती, कोरससाठी. तिला श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं. मान डोलावत होती.

२ फेब्रुवारी
लालबागच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू. गौतम म्हणाला, “माधव, आधी तू सगळी गाणी गाऊन टाक. गाईड ट्रॅक. त्याच्यावर आम्ही वाजवू.” गाईड म्हणजे मार्गदर्शक. मान्य केलं एकदाचं! येताना चिवडा घेतला. तिखट. गायकाने खाऊ नये. खाल्ला.

८ मार्च
माझं काम संपलं. प्रत्येक गाणं पहिल्याच टेकमध्ये ओके. निलेश असता तर ओळीओळीला थांबवलं असतं. स्टुडिओवाला फक्त म्हणाला, “चालेल, काका.” जाणकार माणूस.

२३ मार्च
गौतमचा मेसेज: स्टुडिओत वायरिंगचं काम आहे, येऊ नकोस. पण माझा चष्मा तिथे राहिलेला. गेलो.
दार उघडलं तर माझं ‘गॅलरीतली आई’ हे गाणं चालू. काचेपलीकडे मनवा. गात होती.
आनंदा बूट बघत बसला. गौतम बाहेर आला. “गाईड ट्रॅक शेवटी पुसतातच रे. तुला सांगणारच होतो.”
कधी ठरलं, विचारलं. निलेश जायच्या आधीच. त्यालाही विचारलं होतं म्हणे. म्हणजे खरा बदल त्याच्या जागी नव्हताच. माझ्या जागी होता.
आनंदाला म्हटलं, अरे, तुझ्या लग्नात गायलोय मी.
म्हणाला, “म्हणूनच रे.”
चष्मा तिथेच राहिला.

२४ मार्च
ग्रुपवर राजीनामा टाकला. गाण्यांचे शब्दही परत घेतोय, असं कडक लिहिलं. आता धावत येतील. आनंदाने अंगठा पाठवला.

३० मार्च
कोणी धावत आलं नाही. फोन बिघडला असावा. पद्मजाला करायला लावला. वाजला.

५ एप्रिल
मनवा गिरगावात घरी आली. एकटी. म्हणाली, “काका, तुम्ही नाही म्हणालात तर मी ‘गॅलरीतली आई’ गाणार नाही.” नाहीच म्हणणार होतो. पण तिने विचारलं, ‘दार नुसतं लोटून ठेव’ ही ओळ कुठून आली?
इतक्या वर्षांत गौतमने कधी विचारलं नाही. आनंदाने नाही.
मग सांगितलं. कॉलेजात असताना मी प्रॅक्टिस करून उशिरा यायचो. आई गॅलरीत उभी असायची. मी दिसलो की दार नुसतं लोटून आत झोपल्याचं सोंग करायची. मला वाईट वाटू नये म्हणून. मनवाने ती ओळ हळू आवाजात म्हणून पाहिली.
हो म्हटलं. तात्पुरतं.

१४ जून
दादरला अल्बमचा कार्यक्रम. जायचं नाही असं ठाम ठरलं होतं. पण पद्मजा साडी नेसून तयार, तिचा विरस कशाला. शेवटच्या रांगेत बसलो.
मनवा ‘गॅलरीतली आई’ गायली. पद्मजा रडायला लागली. मी हे गाणं घरी गायलो की ती कुकर बघायला उठायची. काय झालं, विचारलं.
म्हणाली, “अहो, हे आईंवर आहे? मला शब्द आज कळले.”
गौतमने स्टेजवरून माझं नाव घेतलं. गीतकार. टाळ्या झाल्या. उभा राहिलो नाही. गुडघा दुखतो.
उद्यापासून गाणं बंद. हा माझा निर्णय आहे.