दुर्गाच्या अकलेवर चढलेली माझी नोकरी

मी, चिंतामणी मोरेश्वर धैर्यवान, वय वर्षे बासष्ट, धंदा नोकरी, राहणार ठाकुरद्वार, गिरगाव, मुंबई, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली नसून, डॉक्टरांनी मीठ बंद केल्यामुळे फक्त थोडा चिडलेला असून, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. यापूर्वी एक केले होते. ते रद्द समजावे. त्यात थापा होत्या.

कलम १. फोर्टातील मॅकलिन अँड हॉब्स या पेढीत मी पस्तीस वर्षे काढली. नव्या कंपन्यांचे शेअर लोकांपुढे आणायचे आणि लोकांनी घेतले नाहीत तर उरलेले आपल्या गळ्यात घ्यायचे, हा आमचा धंदा. त्यामुळे कंपनी आधी पारखून घ्यावी लागते. मी टपालाच्या नोंदी करणारा कारकून म्हणून लागलो आणि इश्यू खात्याचा मुख्य झालो. पारख करणारा माणूस म्हणून माझे नाव झाले. त्याचा खुलासा पुढे येईल.

कलम २. माझा काळा कोट व तीन टाय पुतण्या चि. मनमोहन यास द्यावेत. आपल्याला काकांची खुर्ची आणि घर दोन्ही मिळणार, असे तो जिमखान्यात सांगत फिरतो. खुर्ची पेढीची आहे. घराचे खाली पाहू. ताळेबंदात देणे कुठल्या बाजूला आणि येणे कुठल्या, हे त्याने मला तीनदा विचारले आहे व तीनदा विसरला आहे.

कलम ३. सहकारी राजाराम विजयकर याने १९४८ साली माझा एक अहवाल स्वतःच्या नावे साहेबांपुढे ठेवला. दहा वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारी पान आले तर उठून दुसरीकडे बसलो. त्याला माझ्यातर्फे एक नारळ द्यावा व माफ केले म्हणून कळवावे. तो अहवाल माझाही नव्हता.

कलम ४. माझे राहते घर. वकील दत्ताराम कीर्तिकर म्हणाले, "'स्वकष्टार्जित' असं लिहा, म्हणजे कोणी वाटा मागणार नाही." तो शब्द मी लिहिला आणि खोडला.

माझी धाकटी बहीण दुर्गा पंचविसाव्या वर्षी विधवा झाली आणि कडेवरच्या नलूला घेऊन माझ्याकडे आली. नलू आज शाळेत गणित शिकवते. दुर्गा कोळंबी सोलायला बसली की मला ताळेबंद मराठीत वाचून दाखवायला लावी. "दादा, ह्यांचा माल गोदामात पडून आहे म्हणतोस. मग नफा आला कुठून?" हेच मी दुसऱ्या दिवशी इंग्रजीत विचारी, आणि साहेब खुर्चीतून अर्धे उठत.

१९५६च्या जानेवारीत शिवडीच्या एका रंगाच्या कारखान्याचा इश्यू उघडायचा होता. भटजींनी मुहूर्त दिला होता, साहेबांनी त्यावर सही केली होती. दोन दिवस आधी जाईबाई कोळीण दारात म्हणाली, "परवापासून मावरं नाय आनायची गो बाय. समदं बंद ऱ्हानार. मुंबय आमची हाय!" ती गेल्याबरोबर दुर्गा माझ्याकडे वळली. "दादा, जाईबाई टोपली उचलणार नाही म्हणजे गिरगाव बंद, लालबाग बंद, तुझं फोर्टही बंद. तारीख पुढे ढकल." मी साहेबांना सांगितले की राजकीय हवेचा माझा अभ्यास आहे.

त्या दिवसांत गोळ्या चालल्या, माणसे गेली. त्यांच्यापुढे आमच्या इश्यूची काय कथा? पण महिन्याभराने इश्यू उघडला, तो दुपारपर्यंत भरला, आणि मला बढती मिळाली. ऑफिसात राजाराम सोडून सर्वांना पेढे वाटले. दुर्गाला दोन दिले.

तिचे नाव घेतले तर माझे काय उरेल, ही मला भीती होती. दुर्गा, मी तुझी चोरी केली. वीस वर्षे केली. मला लाज वाटते. सबब हे घर दुर्गास द्यावे.

कलम ५ (वाचून दाखवल्यानंतर जोडलेले). वरील मजकूर दुर्गाने तांदूळ निवडत ऐकला. सुपातून मान वर न करता तिने विचारले, "साक्षीदार कोण?"

वकील म्हणाले, "एक मी. दुसरं कोणीही चालेल, फक्त तुम्ही नाही. जिला घर मिळायचं तिचीच साक्ष म्हटल्यावर मनमोहनचा वकील उद्या कोर्टात रान उठवील."

"मग घर नलूला द्या. मी तिच्याकडे राहीन."

"अहो बाई, तुमच्या हातात काय राहिलं मग?"

"सही," दुर्गा म्हणाली. "इतकी वर्षं डोकं माझं आणि सही दादाची. ह्या कागदावर खरं लिहिलंय. खाली माझी सही पाहिजे."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. मी म्हणालो, असा चोख इश्यू आमच्या पेढीने आजवर बांधला नाही. दुर्गा म्हणाली, "बोलू नकोस, लिही." सबब कलम ४ मध्ये शेवटी 'दुर्गास' याऐवजी 'चि. नलूस' असे वाचावे.

येणेप्रमाणे माझ्या राजीखुशीने, व बहिणीच्या हुकमाने, लिहून ठेवले.

मुक्काम ठाकुरद्वार, गिरगाव, मुंबई. दिनांक २२ फेब्रुवारी १९५८.

(सही) चिंतामणी मोरेश्वर धैर्यवान

साक्षीदार:
१. (सही) दुर्गा अजिंक्य
२. (सही) दत्ताराम कीर्तिकर, वकील. वरील सहीने कागदाची सर्व जागा घेतल्यामुळे मी समासात आडवी सही केली आहे.