तिन्ही रस्त्यांत आपणच निघतो

बाबा, आज वर्गात पुन्हा तोच विषय निघाला. तुम्ही एकदा मला ऐकायला आला होतात, तोच. परदेशातल्या, लोकांना नकोशा झालेल्या युद्धातून सरकारनं आपलं सैन्य कसं बाहेर काढावं? कॉलेजात मुलांची युवा संसद होणार आहे आणि तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी आता यवतमाळला राज्यशास्त्र शिकवते, तासिकेवर, कायम नाही. हे तुम्हाला माहीत नाही. माझी पदवीसुद्धा तुम्हाला माहीत नाही. निकाल लागला तेव्हा तुम्ही जाऊन काही महिने झाले होते. आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी बी.ए. झालं, असं माय गल्लीत सगळ्यांना सांगत होती आणि सांगता सांगता दारातल्या रांजणाकडे बघत होती.

तो रांजण अजून आहे. आपलं घर बाभुळगावच्या रस्त्याला लागून, आणि उन्हाळा लागला की तुम्ही कडुलिंबाखाली पाणपोई मांडायचे. तेव्हा तुम्ही फौजेतून येऊन कापसाच्या जिनिंगवर चौकीदार होता. रात्रपाळी करून यायचे आणि झोपायच्या आधी रांजण भरायचे, त्याला ओलं गोणपाट गुंडाळायचे, वर झाकण, झाकणावर पाणी प्यायचा गडवा. बुद्धपौर्णिमेला त्यात लिंबाचं सरबत. लोकांचं ओगराळ्यानं वरून ओंजळीत ओतणं तुम्हाला अजिबात चालत नसे. गडवा भरून हातात द्यायचा, असा तुमचा नियम. मी सातवीत असेन. एक म्हातारा सायकल उभी करून पाणी पिऊन राहिला होता आणि मी सहज विचारलं, “कोणाच्या घरचे जी तुम्ही?” तुम्ही आतून धावत आलात. “पानी देतानी नाव नाही इचारायचं! कोनाचा हाय, कुठचा हाय, काही नाही इचारायचं!” तो म्हातारा बिचारा घाबरून म्हणाला, “राहू द्या न जी, लेकरू हाय.” माझ्यावर तुम्ही इतके कधीच ओरडला नव्हतात. मला वाटलं, हे जातीचं आहे. तुमच्या वडिलांना गावात कोणी भांडं हातात देत नव्हतं, वरून ओतायचे, हे मला ठाऊक होतं. मी तेवढ्यावरच तो राग समजून घेतला आणि विषय बंद केला.

तुमच्या फौजेबद्दल मात्र मला जवळजवळ काहीच ठाऊक नव्हतं. तुम्ही शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होता, एवढंच. आजी सांगायची, तुम्ही धामणगावला गाडीतून उतरून घरी आलात तेव्हा कोणी हार घेऊन आलं नव्हतं. चौकात एकानं विचारलं, “काय बे, तिथं कायले गेलते तुमी? आपलं काय घेनं-देनं होतं?” तुम्ही म्हणालात, “पाठवलं म्हनून गेलतो, बलावलं म्हनून आलो.” इतकंच उत्तर तुम्ही नंतर सगळ्यांना दिलं, मलाही.

म्हणून तर शेवटच्या वर्षाला वादविवाद स्पर्धेत हा विषय आला तेव्हा मी आनंदानं उड्या मारल्या. मला वाटलं, हा विषय माझ्यासाठीच आहे. मी वाचनालयात बसून वाचलं, टिपणं काढली, आरशासमोर हातवारे केले. मी तेव्हा मानत होते, आणि अजूनही मानते, की बरोबर युक्तिवाद बरोबर शब्दांत मांडला तर माणसं ऐकतात. त्या दिवशी तुम्ही पाळी बदलून आला होतात. धुतलेला पांढरा सदरा घालून सभागृहात मागच्या रांगेत बसला होतात, खुर्चीच्या अगदी कडेला, कोणी उठवलं तर लगेच उठता यावं तसे. मी सरकारपुढचे तीन रस्ते सांगितले. ताबडतोब निघावं. टप्प्याटप्प्यानं निघावं. किंवा आधी करार करावा, तो पाळला जातो का ते बघावं आणि मग निघावं. करारवाल्यांना मी झोडपलं, कारण करार होईपर्यंत मरणारे जवान करारावर सही करायला नसतात. टप्प्यावाल्यांना विचारलं, शेवटच्या टप्प्यात कोणाचा मुलगा ठेवायचा ते नाव सांगा. आणि शेवटी म्हणाले की जे युद्ध आपलं नाही, त्यातून निघायला शुभ मुहूर्त लागत नाही. टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला. तुम्ही टाळ्या वाजवत होता, पण हात जरा उशिरा उचलले, हे मी मंचावरून पाहिलं.

परत येताना एस.टी.त आपण शेजारी बसलो आहोत. करंडक माझ्या मांडीवर आहे. खिडकीतून गरम वारा येतो आहे आणि तुम्ही सदऱ्याची बाही खाली-वर करता आहात.

“लय चांगली बोलली बाई तू.”

“पण?”

“पन कायचा? बोलली न चांगली.” मग बाही सोडून, “एक इचारू? तू तीन रस्ते सांगतले. आजच निघा, थोडे थोडे निघा, नाहीतं लिहून घेऊन निघा. बरोबर?”

“हो.”

“तिन्हीत आपनच निघतो. मांगं जे राह्यते, ते कोनत्या रस्त्यात येते?”

मी तेव्हा नुकतीच जिंकले होते. मी म्हणाले, “बाबा, तो मुद्दा विषयात बसत नाही. विषय सरकारपुढच्या पर्यायांचा होता.”

तुम्ही हसलात. रागानं नाही. “हो न. मी बी सोताले तेच सांगतलं होतं. आपल्या विषयात बसत नाही म्हनून.”

आणि मग बस बाभुळगावला पोचेपर्यंत तुम्ही बोललात. तुमच्या चौकीजवळ एक घर होतं, अंगणात विहीर असलेलं. एक म्हातारी आणि तिची सून. गस्तीवरून येताना तुम्ही हातानं खूण करून पाणी मागितलं आणि ओंजळ पुढे केली, सवयीनं. म्हातारीनं ओंजळीकडे पाहिलं आणि भरलेला गडवाच तुमच्या हातात ठेवला. “माह्या बापाले साऱ्या जिंदगीत कोनी असा गडवा देल्ला नाही,” तुम्ही म्हणालात. “तिले माही जात समजतच नव्हती न. तिच्यासाठी मी बंदूकवाला होतो, पन तहानलेला होतो.” मग तुम्ही रोज जाऊ लागलात. तहान नसली तरी. सोबतचे चिडवायचे, “चालला काय बे सासुरवाडीले?” तुम्हाला तेवढे दोनच शब्द यायचे तिच्या भाषेतले, एक पाण्याचा आणि एक आईचा. तुमच्या वरच्या एका जुन्या हवालदारानं बाजूला घेऊन सांगितलं होतं, रोज रोज एकाच घरी जाऊ नको, आपल्याशी लढणारे बघतात, आपण एक दिवस जाऊ, ती इथंच राहील, त्यांच्या तावडीत. तुम्हाला ते समजलं होतं. तरी तुम्ही जात राहिलात. “मले बंद नाही करता आलं, बाई. तो गडवा हातात आला का मले वाटे, मी कोनीतरी हावो.”

मग दिल्लीत ठरलं. निघायचं. कोणत्या दिवशी, हे बाहेर बोलायचं नव्हतं आणि ते बरोबरही होतं, दिवस कळला असता तर वाटेत तुमच्यावरच कोणी टपून बसलं असतं. त्या सकाळी तुम्ही गेलात, पाणी प्यायलात, गडवा परत दिलात. म्हातारीनं हातानं विचारलं, उद्या येशील का? “मी मान हालोली,” तुम्ही म्हणालात. “हो म्हून.” पुढे त्या घराचं काय झालं, तुम्हाला कधीच कळलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही.

बस थांबली. तुम्ही करंडक माझ्या हातातून घेतला आणि गल्लीतून घरापर्यंत दोन्ही हातांत धरून नेला, लोकांना दिसावा असा. दारात मायला म्हणालात, “पाय, पोरीनं सरकारले रस्ता दाखवला.” तुमच्या त्या प्रश्नावर बोलायला पुष्कळ वेळ आहे असं मला वाटत होतं. त्याच वर्षी, उन्हाळा संपायच्या आत, तुमची छाती दुखली आणि दवाखान्यापर्यंतही आपण पोचलो नाही.

नंतर मी खूप वाचलं, बाबा. त्या काळात संसदेत कोण काय बोललं, वर्तमानपत्रांनी काय लिहिलं. थांबा म्हणणारे होते, परत या म्हणणारे होते, दोन्हीकडे शहाणी माणसं होती. मी प्रत्येक पानावर ते विहिरीचं घर शोधत होते. माझ्या भाषणात नव्हतं, तर त्यांच्या भाषणात कुठून असणार?

आज मी फळ्यावर ते तीन रस्ते लिहिले आणि खाली चौथी ओळ लिहिली : मागे राहणाऱ्यांचं काय? मग मुलांना वाद घालायला मोकळं सोडलं. संरक्षणमंत्री झालेली मुलगी आर्णीकडच्या तांड्यावरची आहे, तोंडाची फटकळ. विरोधी पक्षनेत्याला म्हणाली, “मी कायले राजीनामा देऊ? तू सकाळपासून चिवडा खाऊन राह्यला, अभ्यास कवा केला?” हशा झाला. पण नंतर ती मुलं खरंच भांडली. एक म्हणाला, ज्यांनी मदत केली त्या सगळ्यांना सोबत घेऊन या. दुसरा म्हणाला, कुठं ठेवशील, यवतमाळात? इथं नळाला आठ दिवसांनी पाणी येते. तुमची गोष्ट माहीत नसताना एकीनं विचारलं, “अन् त्याइले यायचंच नसन तं? इहीर त्याइची तिथं हाय.” कोणी म्हणालं, निदान सांगून निघा. लगेच उत्तर आलं, सांगशील तर निघणारेच मरतील. मग थांबा. मग किती थांबायचं? त्यांच्या प्रत्येक उत्तराला दुसऱ्याजवळ खरं उत्तर होतं. मी कडेला उभी राहून ऐकत होते आणि मला वाटत होतं, हे सगळं त्या एस.टी.त तुमच्याशी बोलायला हवं होतं. चुकलं असतं तरी चाललं असतं. तुमच्याजवळ तो प्रश्न वीस-पंचवीस वर्षं एकटा पडून होता आणि त्याच्याशी भांडायला तुम्हाला घरात कोणी नव्हतं. शिकलेलं होतं एक, पण ते जिंकून आलं होतं.

तास संपताना त्या फटकळ मुलीनं मला धरलं. “मॅडम, तुम्ही आमालेच लढवता. तुम्ही पंतप्रधान असत्या तं काय केलं असतं?” मी म्हणाले, उद्या सांगते.

उद्या मी तिला सांगीन की निघण्याआधी त्या घरांचा विचार करणं हे सरकारचं कामच आहे, ते विषयात बसतं, आणि ज्यानं ते विषयाबाहेर ठेवलं त्याचं भाषण अपुरं आहे. हे मी मनापासून मानते. पण ती हुशार आहे. ती म्हणेल, तेवढा वेळच नसला तर? एकच निवडायचं असलं तर?

तर मी तेच म्हणेन जे तेव्हा मंचावरून म्हणाले होते. परत या. आजच. त्या म्हातारीचं घर माहीत असूनही. कारण त्या निघालेल्यांत तुम्ही होता. तुम्ही आला नसतात तर लिंबाखालचा रांजण नसता, मी नसते, आणि तिची आठवण ठेवणारंही इथं कोणी नसतं. हा काही युक्तिवाद नाही. परीक्षक म्हणून मी याला गुण दिले नसते. तुम्हाला तोंडावर हे सांगायची माझी हिंमत झाली नसती, कारण तुम्ही मान खाली घालून “हो न” म्हणाला असता.

सकाळी रांजण आता मीच भरते, कॉलेजला निघायच्या आधी. मी मायला तुमची ती गोष्ट सांगितली आहे. तिनं एकदा विचारलं, भरतानी एवढी कोनाच्या इचारात राह्यतं वं? मी म्हणाले, त्या विहिरीवरच्या म्हातारीच्या. खरं तसं नाही. ती मला आठवतच नाही, बाबा. मला तुम्हीच आठवता.