ओळीनंतरची मोकळी जागा

बिबवेवाडी, पुणे
गुरुवार, ८ जानेवारी २००४

प्रिय पूर्णिमा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर मी आत्ता लिहितेय, तेव्हा आधी तुझी बोलणी खाऊन घेते. पोटभर बोल. फोन का नाही केलास असंही विचारशील, कारण आता जबलपूरला फोन लगेच लागतो आणि पूर्वीसारखं ओरडावंही लागत नाही. पण तुझ्या पत्रात सही झाल्यावर खाली वेगळ्या शाईने लिहिलेली एक ओळ होती, तिचं उत्तर मला फोनवर देता येईना. दोनदा नंबर फिरवला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, हेमाला जबलपूरच्या थंडीची एवढी काळजी कधीपासून! तेजस म्हणून माझा एक विद्यार्थी आहे, तो म्हणाला, ‘मॅडम, सांगा तुम्ही, मी मेल टाकतो.’ म्हणजे मी मनातलं बोलायचं आणि त्याने ते इंग्रजी अक्षरांत मराठी म्हणून उमटवायचं. म्हटलं, तू तुझा कोमल धैवत सांभाळ बाबा, माझी पत्रं मी लिहीन. त्या ओळीकडे येतेच, पण तुला ठाऊक आहे, मला सरळ रस्त्याने कुठे जाता येत नाही.

आधी बातमी. परवाच्या रविवारी मी व्हायोलिन वाजवलं. साथीला नव्हे, एकटीने, मधे बसून, पूर्ण दीड तास. सहकारनगरला एक छोटं संगीत मंडळ आहे, महिन्यातून एकदा सकाळची मैफल करतात, सतरंजी आणि मागे तीस खुर्च्या. असं वाजवून मला सोळा वर्षं झाली होती गं! आणि ही मैफल मी साधीसुधी धरलेलीच नव्हती. दिवाळीत मी ठरवून टाकलं होतं की मार्चमधल्या परीक्षा झाल्या की क्लास बंद करायचा आणि जी काही वर्षं हाताला आहेत त्यांत फक्त वाजवायचं. मुलांना तसं सांगूनही टाकलं होतं. म्हणजे रविवारी सतरंजीवर माझ्याबरोबर माझे चौतीस विद्यार्थीही टांगणीला लागलेले होते.

तू म्हणशील, चौतीस? हो, चौतीस. हे मी तुला कधी धड लिहिलंच नाही. तुला बाळसरांची ती खोली आठवते ना, नारायण पेठेत पिठाच्या गिरणीवरची? खाली बाजरी दळायला लागली की सर म्हणायचे, आज तानपुरा जरा जाडा लागलाय. तिथून निघून आपण दोघी टेकडीवर जायचो आणि तिखटमीठ लावलेले पेरू खात भविष्य ठरवायचो. तारांवरचा तुझा गज तेव्हाही माझ्यापेक्षा लांब चालायचा, हे मी आज लिहून देते; त्या वेळी मेले असते तरी दिलं नसतं. सर सांगायचे, जो शिकवायला बसतो त्याचा हात विद्यार्थी खाऊन टाकतात. आपण ते इतकं मनावर घेतलं की एका संध्याकाळी पेरूच्या शपथेवर ठरवलं, उपाशी राहू पण शिकवणार नाही. सर हे आपल्याला शिकवता शिकवता सांगत होते, हे दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. वीस वर्षांचं डोकं ते!

माझी शपथ अठ्ठ्याऐंशी साली मोडली. खालच्या मजल्यावरची अवनी, सात वर्षांची, जिन्यात बसून ऐकायची. तिची आई म्हणाली, नुसतं धरायला दाखवा. मी नुसतं धरायला दाखवलं. मग तिची मैत्रीण आली, मैत्रिणीचा भाऊ आला, आणि पाच वर्षांत आमच्या हॉलमधला सोफा गच्चीवर गेला तो अजून तिथेच आहे. आमचे हे पेपर वाचायला स्वयंपाकघरात बसतात. पूर्वी सगळी शाळकरी मुलं असायची, आता निम्मे कमावते आहेत. तो तेजस लातूरचा, येरवड्याच्या बाजूला एका काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर काम करतो. आपल्या लहानपणी कुणी येरवड्याला असतो म्हटलं की पुढे काही विचारायची सोय नव्हती. आता येरवड्याला असतो म्हटलं की मुली सांगून येतात. त्याचं घड्याळ अमेरिकेचं, त्यामुळे रात्रभर काम करून सकाळी सात वाजता गळ्यात ओळखपत्र लटकवून तो थेट माझ्याकडे, डोळे तांबारलेले. दुसरे जयसिंगराव, वय बासष्ट. खडकवासल्याच्या अकादमीच्या बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं, आता मांडी घालून बसायला शिकताहेत. व्हायोलिन त्यांना आठ महिन्यांत जमलं, मांडी अजून जमत नाही. दाराशी मी तांदळाचा एक रिकामा डबा ठेवलाय, सगळ्यांनी मोबाइल त्यात टाकून आत यायचं. कधी कधी डबाच वाजायला लागतो.

क्लासचे माझे दोन नियम. मी एक ओळ वाजवणार, मग तेवढ्याच लांबीची जागा मोकळी सोडणार आणि ज्याच्याकडे गज दाखवीन त्याने ती ओळ आधी गळ्याने म्हणायची. गळ्यातून आली तरच हातात गज घ्यायचा. सरांनी आपल्याला असंच शिकवलं होतं. फक्त सर बोट दाखवायचे, मी गज दाखवते.

आनंद होता गं त्यात, खोटं कशाला बोलू. पण दिवसभर व्हायोलिन हातात असूनही माझं स्वतःचं वाजवणं कुठेच नव्हतं. रियाझ कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे. साथीची बोलावणी यायची आणि परीक्षा जवळ आल्या म्हणून मी नको म्हणायचे. दोन दगडांवर पाय म्हणावं तर एका दगडावर नुसता अंगठाच टेकलेला. या दिवाळीत सुट्टी होती, घरात कुणी नव्हतं, म्हटलं आज मनसोक्त वाजवू. वीस मिनिटं झाली असतील आणि मी मोठ्याने ओरडले, ‘मनगट सैल!’ खोलीत मी एकटी. त्या दिवशी मी घाबरले. सर म्हणाले तसं माझा हात खाल्ला गेलाय असंच वाटलं, आणि मी क्लास बंद करायचं ठरवलं. मुलांना सांगितलं तेव्हा जयसिंगराव म्हणाले, ‘बाई, हुकूम तो हुकूम,’ आणि मांडी मोडून जे गेले ते चप्पल घालायचीच विसरले.

तर रविवार. नऊ वाजता बसले. कडाक्याची थंडी, तारा सारख्या उतरत होत्या, तबल्यावर शंभू. समोर पहिल्या ओळीत माकडटोपी घातलेले एक आजोबा, मांडीवर थर्मास. मंडळाचे सर्वांत जुने सभासद आणि सर्वांत खवट, असं मला आधीच सांगून ठेवलेलं. डावीकडे माझी अकरा मंडळी, शहाण्यासारखी. मी जौनपुरी राग धरला. वर्षभर क्लासमध्ये तोच चालला होता, हात बसलेला होता. पहिली पाच मिनिटं छान गेली. मग विलंबितात मी एक ओळ वाजवली, थांबले, बरोब्बर तेवढीच जागा मोकळी सोडली आणि, पूर्णिमा, मी गज उचलला आणि त्या माकडटोपीवाल्या आजोबांकडे दाखवला!

त्यांनी थर्मास घट्ट धरला. मला काही कळलंच नाही. मी पुढची ओळ वाजवली, थांबले आणि परत गज त्यांच्याकडे. तिसऱ्यांदा शंभू माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, ‘ताई, पुढे चला की,’ तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सोळा वर्षांची सवय सतरंजीवर येऊन बसली होती आणि दीडशे कान ती ऐकत होते. संपलं, म्हटलं. मी वाजवणारी राहिलेच नाही, मी नुसती बाई झालेय. गज तसाच हवेत, ठेका चाललेला, आणि मला पुढची ओळ आठवेना.

आणि त्या मोकळ्या जागेत डावीकडून आवाज आला. आधी जयसिंगरावांचा, भरदार, बँडवाल्याचा. मग बाकीच्यांचा. माझी ओळ त्यांनी गळ्याने जशीच्या तशी परत म्हटली, हळू, एकत्र, क्लासमध्ये म्हणतात तशी. मला वाचवायला वगैरे नव्हे हं. नंतर मी विचारलं, तर म्हणे बाई थांबल्या म्हणून आम्ही म्हटलं. सवय त्यांनाही लागलेलीच! आणि त्यात तेजसचा कोमल धैवत, जो दोन वर्षं शुद्धाकडे पळत होता, तो असा नेमका जागेवर लागला की मी सगळं विसरून ‘वा!’ म्हणाले. स्वतःच्या मैफलीत, श्रोत्यांना. सगळे हसले, शंभू हसला, मीही हसले. आणि हसता हसता मला पुढची ओळ आठवली, आणि ती मी अशी वाजवली की तशी कधी वाजवली नव्हती. त्यानंतर तीन-चार वेळा मी मुद्दाम जागा सोडली. मागच्या खुर्च्यांमधल्या दोन बायकाही म्हणायला लागल्या. द्रुतात मात्र कुणालाच जागा दिली नाही, तिथे मी एकटी सुटले. तुझ्यासारखा लांब गज मला त्या दिवशी पहिल्यांदा सापडला. गंमत बघ, खाल्ला गेला म्हणून ज्याच्यासाठी रडत होते, तो हात त्यांनीच माझ्या समोर आणून ठेवला. मला रडू आलं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटी ते आजोबा टोपी सारखी करत आले. म्हणाले, ‘बाई, उत्तम वाजवलंत. प्रश्न आम्हालाच विचारायचे होते तर आधी पोर्शन कळवायचा होतात. पुढच्या वेळी तयारी करून येतो.’ आणि ‘पुढच्या वेळी’ हे त्यांनी दोनदा म्हटलं. मंडळाच्या चिटणिसांनी तिथल्या तिथे जुलैची तारीख दिली.

क्लास बंद होणार नाही. सोमवारी सगळे आले, मोबाइल डब्यात पडले, आणि मी सांगितलं की क्लास चालेल, मैफलीही चालतील, पण सकाळचे सहा ते आठ माझे. तेजसची तुकडी आठनंतर. त्याने लगेच कॉम्प्युटरवर रंगीत वेळापत्रक काढून आणलं. जयसिंगरावांनी दारावर पाटी रंगवली: ‘सकाळी सहा ते आठ बाई स्वतःसाठी वाजवतात. ऐकायचे असल्यास जिन्यात बसावे. बेल दाबू नये, ती बेसूर आहे.’ आज सकाळी दार उघडलं तर जिन्यात चौघं बसलेले, आणि त्यांच्यात दुधाची पिशवी हातात धरून आमचे हे.

आता ती ओळ. शहाऐंशी साली तू विचारलं होतंस की रेल्वे कॉलनीतली मुलं मागे लागलीत, शिकवू का. आणि मी तुला पत्रही नाही, पोस्टकार्ड पाठवलं होतं, त्यावर एकच वाक्य: आपलं ठरलं होतं ना? तू शिकवलं नाहीस. पुढे वाजवण्याबद्दलही लिहिलं नाहीस. आणि दोनच वर्षांत मी स्वतः शिकवायला बसले आणि तुला लिहिलं, हल्ली घरी मुलं येतात. तुला वाटलं असेल, हेमाने पाळणाघर काढलं! पंच्याण्णवला तुझ्या मुलाच्या मुंजीला आले तेव्हा कपाटावर रजयांच्या खाली तुझी व्हायोलिनची पेटी दिसली. मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. माझ्या एका वाक्याने तुझी अठरा वर्षं गेली, पूर्णिमा, आणि माझी चौतीस माणसांनी भरलेली गेली. माफ कर म्हणायला मला मैफलीत चुकावं लागलं. आता तू परत विचारलंयस, ‘शेजारच्या दोन मुली मागे लागल्यात. शिकवू का? की आपलं अजून ठरलेलंच आहे?’ शिकव. आजच रजया काढ. सोबतच्या पुडक्यात तारांचे दोन संच आणि गजाला लावायची राळ आहे. बोटं दुखतील, पहिले आठ दिवस बेसूर वाजेल, त्या मुलींना काही कळणार नाही. आणि जुलैच्या मैफलीला ये, माझ्या उजव्या हाताला बस, तुझं वाद्य घेऊन. जौनपुरीची पहिली ओळ तुला येते. मी ती वाजवीन आणि थांबेन, आणि गज तुझ्याकडे दाखवीन.

वाट बघत थांबलेली,
तुझीच
हेमा