मोबाईलवर बंद दिसतंय

सोमवार, ३ मार्च
सतरा मेथड, म्हणजे पंपाला सांगायची-विचारायची सतरा कामं! एका 'पंप' इंटरफेसमध्ये सतरा! शेतातल्या मोटारीला जोडायच्या आमच्या नव्या स्वस्त पेटीला मोबाईलवरून मोटार चालू-बंद करता येते, बास. पण प्रोग्रॅममध्ये इंटरफेस म्हणजे ही सगळी कामं येतात असा शब्द देणं — दिला की सतराच्या सतरा भरायच्या. दिवसभर रिकाम्या मेथड भरल्या. डोकं उठलं.

मंगळवार, ४ मार्च
त्या सतरातली एक — 'मोटार चालू आहे का?' पेटीला ते कळतच नाही! आमचे टीमप्रमुख अजिंक्यसर म्हणाले, "'नाही' पाठव की. काय बिघडतंय?"
स्क्रीनवर 'बंद' दिसेल, हे बिघडतंय! ऑटो स्विच लावलेला असला की वीज येताच मोटार आपोआप सुरू होते. हे सरांसारख्या उजनीकाठच्या शेतकऱ्याच्या पोराला मी सांगायचं?

गुरुवार, ६ मार्च
सरांना पुन्हा समजावलं. इंटरफेस फोडू. चालू-बंद करणाऱ्यांचा एक, स्थिती सांगणाऱ्यांचा वेगळा. ज्याला जेवढं येतं तेवढाच शब्द त्याने द्यावा. कळत नसेल तिथे स्क्रीनने गप्प बसावं.
"सगळ्या स्क्रीन बदलाव्या लागतील. अकलूजच्या डेमोनंतर बघू." वर — "लई पुस्तकी हायस तू!"
शेजारी सृष्टी कीबोर्ड बडवत राहिली. जेवताना म्हणते, "तुझंच बरोबर हाय." मग तेव्हा तोंड शिवलं होतं का? दोघांचाही राग आला.

शुक्रवार, ७ मार्च
लिहिलं 'नाही'. महिनाअखेरीला मला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे. लाज वाटते.

शनिवार, ८ मार्च
पहिली पेटी सरांनी वडिलांच्याच मोटारीला बसवली. हिंदुरावआबा फोनवर लई खूश — "पोरी, खाटंवर बसून मोटार बंद करतोय की!" मी 'हो, हो' म्हणून फोन ठेवला.

मंगळवार, ११ मार्च
सरांचा फोन. आवाज ओळखू येईना. "आबा जलपर्णी काढायला मोटारीपाशी पाण्यात उतरलेत. मोटार पाण्याखाली, आवाज येत न्हाय. मोबाईलवर बंद दिसतंय... बंदच हाय न्हवं?"
"त्या मोबाईलला काही कळत नाही, सर! मेन स्विच पाडायला सांगा!" मी ओरडले.
काठावर सारजाबाई होत्या, सरांच्या आई. त्यांनी पाडला. मोटार चालूच होती! आबांच्या धोतराचा सोगा मोटारीच्या जाळीत ओढला गेला होता. वाचले.
 मग सर म्हणाले, "डेमो राहू दे. फोड तो इंटरफेस."