दोन चुली, एक मीटर

२ जानेवारी
मलकापूरचं प्रशिक्षण सुरू झालं. तीन गुरुवार. गावोगावच्या बायांनी विजेच्या बिलाबद्दल बोलायला शिकायचं, मग अमरावतीला वीज आयोगापुढे सुनावणी आहे, तिथे एका गावातून एकीने बोलायचं. रोहिणखेडमधून अर्थात मीच. नऊ वर्षं बचत गटाची अध्यक्ष आहे, दुसरं कोण असणार? हे म्हणाले, एकटी नको जाऊ. म्हणून धाकट्या जावेला, वैशालीला, सोबत नेलं. पिशवी तरी धरेल.

ठोसरे मॅडम शिकवतात. युनिट वाढले की वरच्या टप्प्याचा दर लागतो, हे त्यांनी फळ्यावर दाखवलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या दोन्ही घरांचं मीटर एकच, वारलेल्या सासऱ्यांच्या नावाचं. दोघींचे युनिट एकत्र मोजतात, म्हणून आपण वरच्या टप्प्यात! परतताना बसमध्ये वै.ला समजावून सांगितलं. मी सांगितलं. इथे लिहून ठेवलेलं बरं.

९ जानेवारी
आज प्रत्येकीने दोन मिनिटं बोलायचं होतं. मी दोन दिवस खपून लिहिलं होतं. ‘सन्माननीय आयोग’पासून ‘न्याय्य व परवडणारी ऊर्जा’पर्यंत. कुठे अडखळले नाही. मॅडम म्हणाल्या, “छान.”

मग वै. उठली. हातात कागद नाही. पदर खोचून म्हणते, “साहेब, आमच्या घरी दोन चुली हायेत अन् मीटर एक हाय. आम्ही दोघीजनी गरिबाएवढी लाइट जाळतो अन् बिल श्रीमंताचं येते. आता आम्ही गरीब का श्रीमंत, तुम्हीच सांगा.”

टाळ्याच टाळ्या. मॅडमनी विचारलं, “हे कसं सुचलं तुम्हाला?” वै. माझ्याकडे बघून हसली. ‘ताईनं सांगितलं’ म्हणायला काय जीभ झडत होती? नुसती हसली.

बसमध्ये म्हणाली, “ताई, मले तं घामच फुटला होता.” मी खिडकीबाहेर बघत बसले.

१२ जानेवारी
वै.ने आज घरात वेगळ्या मीटरचा विषय काढला. सासूबाई बिथरल्या. “चुली वेगळ्या झाल्या ते घरातल्या घरात. मीटर वेगळं झालं तं रस्त्यावरून दिसते. लोकं म्हनतीन, भाऊ भाऊ फुटले!” सहा वर्षं झाली, दोघींचं मीठसुद्धा वेगळं आहे. ते चालतं.

मला दोन शब्द बोलता आले असते. मी मेथी निवडत बसले. वै. एकटी बोलणी खात होती आणि मला बरं वाटत होतं. लिहायला लाज वाटते. पण वाटलं.

१६ जानेवारी
शेवटचा गुरुवार. ठो. मॅडम म्हणाल्या, “रोहिणखेडकडून वैशालीताई बोलतील. सुनंदाताई, तुम्ही कागदपत्रं सांभाळा. तुमचं अक्षर सुंदर आहे.”

अक्षर! बँकेत, तहसीलीत नऊ वर्षं भांडले ती काय अक्षरासाठी? त्यात डोणगावची एक बाई कानाशी येऊन म्हणाली, “तुमची सून हाय का ते? लय हुशार हाय.”

सून! अकरा वर्षांनी मोठी आहे मी तिच्यापेक्षा, फक्त अकरा. जळते मी तिच्यावर. झालं, लिहिलं.

१९ जानेवारी
गटातल्या तिघी बिलं घेऊन आल्या. माझ्या दारावरून पुढे वै.कडे गेल्या. एक तर मला हात करून गेली.

२१ जानेवारी
ग्रुपवर मॅडमचा मेसेज. बोलणाऱ्या बाईचं पूर्ण नाव पाचपर्यंत पाठवा, नंतर बदल होणार नाही. वै.कडे साधा फोन, ग्रुपवर मी एकटी. तिचं नाव टाइप केलं. खोडलं. पोळ्या केल्या. पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं. पाचला दहा कमी असताना माझं नाव पाठवलं.

मॅडमनी विचारलं, “वैशालीताईंचं काय झालं?” लिहिलं, “घरून परवानगी नाही.” सासूबाईंवर ढकलून मोकळी झाले. मॅडमनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

२२ जानेवारी
आरशापुढे भाषण म्हणून पाहिलं. मलाच कंटाळा आला. मग तिचं ‘दोन चुली’ म्हणून पाहिलं. तोंडात बसेना. गावात आमच्यासारखी एका मीटरवरची घरं गल्लीगल्लीत आहेत. साहेब लोकांनी कान द्यावा असं वाटत असेल तर तिनेच बोलायला हवं, हे मला कळत नाही असं थोडंच आहे.

मॅडमना फोन लावला होता. एक रिंग गेली आणि मीच कट केला.

२४ जानेवारी, गाडीत
मलकापूरला गाडी वेळेवर मिळाली. मॅडम अमरावतीलाच भेटणार. वै.ला अजून सांगितलेलं नाही. नांदुऱ्याला सांगणार होते. मग शेगावला.

तिने माझ्यासाठीही डबा आणलाय. सासूबाईंनाही म्हणे वळवलं. “आत्याबाई म्हनल्या, जाय, बोल. पन जुन्या मीटरवर तुह्या मामंजीचंच नाव राहू दे.” आता ती परवानगीची सबबही उरली नाही. डोळे मिटून ओठांतल्या ओठांत घोकते आहे. नवी साडी नेसली आहे.

अकोला गेलं. उतरायचं बडनेऱ्याला, त्याला अजून वेळ आहे, सांगता येईल. सांगायचं तर काय? मॅडमची चूक झाली म्हणू? की सरळ...

आत्ता तिने डोळे उघडले. “ताई, तिथं माइकवर नाव पुकारतीन ना? गर्दीत मले काही समजत नाही. माहं नाव आलं का मले हलवजा.”

हलवते, म्हणाले.